फाटक उघडं असतं, तरी कामगार का जात नाही?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी बदलायच्या वेळी उभं राहिलं, तर कोंडून ठेवलेले मजूर काही दिसत नाहीत. टॉवेलच्या कारखान्यांची फाटकं उघडी असतात, टपरीवर चहाला गर्दी असते, कुणी मोबाइलवर गावी बोलत असतं. सोलापूरचं रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड रिक्षाच्या अंतरावर आहे. मजुरी पटली नाही, बोलणी सहन होईनात, तर माणसानं पिशवी उचलावी आणि निघावं. कितीतरी कामगार तसं करतातही. इथलं काम सोडलं की आठवडाभरात दुसऱ्या फाटकातून आत जातात.

पण वीटभट्ट्या, उसाचे फड, यंत्रमाग, दगडखाणी अशा ठिकाणी वर्षानुवर्षं फिरणाऱ्या अभ्यासकांना दुसऱ्याच प्रकारची माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. फाटक उघडं असूनही ती जाऊ शकत नाहीत. विचारलं तर स्वतःच सांगतात, ‘मी माझ्या मर्जीनं आलोय. मालकाचे पैसे अंगावर आहेत, ते फिटले की जाणार.’ अशा माणसाला मोकळा कामगार म्हणायचं की वेठबिगार? आणि जो स्वतःच ‘मर्जीनं आलोय’ म्हणतो, त्याची गणती कोणत्या रकान्यात करायची? मानवी तस्करी आणि श्रमाच्या शोषणाचा अभ्यास या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

हा लेख अक्कलकोट रोडच्या कुठल्या कारखान्यावर आरोप करण्यासाठी नाही. पण आपल्या ओळखीची एक औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर ठेवली, की शोषणाचा व्यवहार कसा चालतो आणि तो कागदावर का दिसत नाही, हे नीट उमगतं.

साखळी दिसली ती शेजारच्या जिल्ह्यात

आधी ज्यात शंकेला जागाच नाही असं प्रकरण पाहू. जून २०२३ मध्ये सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यात, ढोकी पोलिसांनी खामसवाडी आणि वाखरवाडीच्या शिवारातून ११ मजुरांची सुटका केली. त्यांना विहिरी खोदण्याच्या कामावर जुंपलं होतं. दिवसाचे बारा-बारा तास विहिरीत काम, आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीनं बांधून ठेवणं. त्यांच्यातला एक जण निसटला, रेल्वे रुळांच्या कडेनं चालत आपल्या गावाकडे गेला आणि त्यानं तोंड उघडलं, म्हणून बाकीचे सुटले.

या प्रकरणात साखळीइतकीच महत्त्वाची आहे ती भरती. हे मजूर अहमदनगरच्या रेल्वे स्थानकाच्या परिसरात काम शोधत आलेले होते. तिथल्या एजंटांनी त्यांना ‘चांगलं काम आहे’ म्हणून गाडीत बसवलं आणि माणशी दोन ते पाच हजार रुपये घेऊन ठेकेदारांच्या हवाली केलं. महिनोन्‌महिने राबवून घ्यायचं आणि मग इतका छळ करायचा, की मजुरी न मागताच माणूस पळून जावा, अशी ठेकेदारांची पद्धत असल्याचं पोलिसांच्या तपासातून पुढे आलं.

मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला सीमेपलीकडे पळवून नेलेल्या मुली आठवतात. कायद्याला मात्र सीमा ओलांडण्याची गरज वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या करारात तस्करीचे तीन भाग सांगितले आहेत. पहिला कृतीचा : माणसाची भरती करणं, त्याला नेणं, ठेवून घेणं किंवा दुसऱ्याच्या हाती देणं. दुसरा साधनाचा : फसवणूक, धमकी, जबरदस्ती किंवा अडचणीचा गैरफायदा. तिसरा हेतूचा : त्या माणसाचं शोषण. तिन्ही जमले की तस्करी झाली, मग अंतर पाच किलोमीटर असो की पाच हजार. भारतानं हा करार २०११ मध्ये स्वीकारला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये हाच साचा आहे आणि त्यात एक फार मोलाचं वाक्य आहे : पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती, याला गुन्हा ठरवताना महत्त्व नाही. नगरच्या स्टेशनवर गाडीत बसलेला मजूर आपल्या पायांनी चढला होता, हा बचाव म्हणूनच चालत नाही.

साखळी नसते तेव्हा : उचलीचं गणित

धाराशिवसारखी प्रकरणं वर्तमानपत्रांत येतात. पण शोषणाचा मोठा भाग साखळीशिवाय चालतो आणि त्याचं मुख्य हत्यार आहे उचल. काम सुरू होण्याआधी मुकादम किंवा मालक जी रक्कम हातावर ठेवतो, ती उचल. लग्न, दवाखाना, घराचं छप्पर, जुनं देणं, कशासाठीही ती घेतली जाते. ज्याला बँक दारात उभं करत नाही, त्याला एकरकमी पैसा मिळायची ही एकच जागा असते.

आकडे घालून बघू. हे उदाहरण समजण्यापुरतं रचलेलं आहे. एका तरुणानं बहिणीच्या लग्नासाठी ३०,००० रुपये उचल घेतली आणि यंत्रमागावर लागला. महिन्याचं काम १४,००० रुपयांचं होतं. त्यातून खाणावळीचे ३,५००, राहण्याचे १,०००, गावी पाठवलेले ६,०००, खाडे आणि डागी मालापोटी कापलेले १,०००. उरले २,५००, ते उचलीत वळते झाले. या हिशेबानं बारा महिन्यांत पैसे फिटायला हवेत. पहिले तीन महिने तसंच झालं आणि देणं २२,५०० वर आलं. चौथ्या महिन्यात तो दहा दिवस तापानं पडला. त्या महिन्याचं काम ९,३०० रुपयांचंच झालं, खर्च मात्र ठरलेला, म्हणजे २,२०० रुपयांची तूट. औषधपाण्याला मालकाकडूनच आणखी ५,००० घेतले. महिनाअखेरीला वहीत आकडा होता २९,७००. चार महिने मागावर उभं राहून फिटले तीनशे रुपये.

इथं कुणी व्याजही लावलेलं नाही आणि हिशेबात खोटी नोंदही केलेली नाही. फक्त एक आजारपण आलं. आता यात व्याज मिसळा. डागी मालाची कपात किती करायची ते एकटा मुकादम ठरवतो, हे धरा. सुताच्या भावामुळे पंधरा दिवस माग बंद राहिले, असंही समजा. आणि शेवटचं म्हणजे ती वही मालकाच्या कपाटात असते, कामगाराकडे तिची प्रत नसते. मग देणं फिटण्याची तारीख दर महिन्याला एक महिना पुढे सरकते.

याच काळात शेजारचा कारखाना जास्त दर देऊ लागला तरी या तरुणाला तिकडे जाता येत नाही, कारण नव्या मालकानं आधीची बाकी फेडल्याशिवाय जुना मालक त्याला सोडत नाही. नव्या मालकानं ती फेडली, तर देणं फक्त एका वहीतून दुसऱ्या वहीत जातं.

बंधन घट्ट राहतं ते कामगाराच्या प्रामाणिकपणामुळे, असं माझं मत आहे. घेतलेलं बुडवू नये, ही कष्टकरी घरातली पक्की शिकवण असते. ‘पैसे घेतलेत, पळून कसं जाऊ?’ असं म्हणणारा माणूस भित्रा नसतो. त्याच्या शब्दाला किंमत आहे, आणि त्या शब्दावरच सगळा व्यवहार उभा केलेला असतो. शिवाय मुकादम बहुतेक वेळा गावचाच, नात्यातला असतो. पळून गेलं तर वसुली गावातल्या आईबापांकडून होणार, हे न सांगताही सगळ्यांना ठाऊक असतं.

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. इथं दर हंगामात कोयते येतात. फडाच्या बोलीत कोयता म्हणजे ऊस तोडणारं जोडपं. उचल जोडप्याच्या नावावर असते, म्हणून बाईला वेगळी मजुरी हातात मिळत नाही, पण तिच्या खाड्याचा दंड मात्र जोडप्याच्या हिशेबात पडतो. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. खाड्याच्या भीतीची झळ शरीराला कुठवर पोचते, हे दाखवणारा याहून कठोर आकडा महाराष्ट्रात दुसरा नसेल.

कायद्याच्या लेखी बळजबरी म्हणजे काय

उचल घेणं हा गुन्हा नाही आणि देणंही नाही. गुन्हा कुठं सुरू होतो, ते १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यात नेमकं सांगितलं आहे. कर्जाच्या किंवा उचलीच्या बदल्यात माणसाचं चारपैकी एक जरी स्वातंत्र्य गेलं, तरी तो वेठबिगार ठरतो : किमान वेतनाएवढी मजुरी मिळण्याचं, दुसरीकडे काम करण्याचं, देशात कुठंही जाण्यायेण्याचं, किंवा आपले श्रम बाजारभावानं विकण्याचं. आपला यंत्रमागावरचा तरुण आठवा. त्याला कुणी कोंडलेलं नाही. पण दुसरीकडे काम करण्याचं आणि बाजारभाव मिळवण्याचं अशी दोन स्वातंत्र्यं त्यानं गमावलेली आहेत.

सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामं सुरू होती. तिथल्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. त्या खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठानं सांगितलं, की भुकेपोटी आणि दुसरा पर्याय नाही म्हणून माणूस किमान वेतनापेक्षा कमी दरानं राबत असेल, तर तीही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदानं मना केलेली सक्तीची मजुरी आहे. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, फरिदाबादच्या दगडखाणींच्या संदर्भात, न्यायालयानं पुराव्याचं ओझंही हलकं केलं. मजुराकडून सक्तीनं काम करून घेतलं जात असेल, तर ते उचलीपोटीच आहे असं आधी धरायचं. तसं नाही हे मालकानं दाखवायचं. कर्जाबाबत तर १९७६ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे आणि वेठबिगार ठरलेल्या माणसाचं कर्ज त्या क्षणी रद्द होतं, ते फेडण्याची जबाबदारी उरत नाही.

इतका स्पष्ट कायदा पन्नास वर्षं हाताशी आहे. तो कामगाराला माहीत नसेल, तर समजू शकतं. पण तपासणीला जाणाऱ्या अधिकाऱ्यालाही जेव्हा ‘कुलूप कुठं दिसलं नाही, म्हणजे वेठबिगारी नाही’ असं वाटतं, तेव्हा कायदा कागदावरच राहतो.

सोलापूरचं जुनं कुंपण

सक्तीच्या श्रमाशी या शहराची ओळख जुनी आहे. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, मग आणखी गिरण्या आल्या आणि हातांची गरज वाढली. तेलंगणातले पद्मशाली विणकर आले, आजूबाजूच्या दुष्काळी गावांतून माणसं आली. पुढे इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, त्या पारधी, कैकाडी आणि इतर भटक्या कुटुंबांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आलं. बाहेर पडायला परवानगी लागे, हजेरी द्यावी लागे, आणि कुंपणातले हात गिरण्यांच्या कामाला जात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. सरकारी धोरणानं उभा केलेला तो बंदिस्त कामगारपुरवठाच होता, आणि हे सोलापूरच्या शाळांत शिकवलं जायला हवं.

कामाची जागा हेच घर

आता पुन्हा अक्कलकोट रोडकडे येऊ. १८ मे २०२५ च्या पहाटे इथल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जणांचा जीव गेला. त्यात कारखान्याच्या मालकांच्या कुटुंबातली माणसं होती, लहान मूल होतं, आणि तिथंच राहणाऱ्या कामगाराच्या कुटुंबातली माणसंही होती. ही दुर्घटना वेठबिगारीची नव्हती. मालकाचं कुटुंबही त्याच छताखाली झोपलं होतं. पण लहान उद्योगांतली एक गोष्ट तिच्यामुळे साऱ्या राज्यासमोर आली : माग, सूत, तयार माल आणि माणसांची बिछानी एकाच भिंतीआड असतात.

राहण्याची जागा मालकाच्या हातात असणं, याला संशोधक फार महत्त्व देतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं सक्तीच्या श्रमाच्या ११ खुणा ठरवल्या आहेत. अडचणीचा गैरफायदा, फसवणूक, हालचालींवर बंधन, एकटं पाडणं, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, धाकदपटशा, ओळखपत्रं काढून घेणं, मजुरी अडकवून ठेवणं, कर्जाचा फास, राहण्याकामाची वाईट स्थिती, आणि बेसुमार जादा काम. एखादी खूण दिसली म्हणजे गुन्हा शाबीत होत नाही. पण काम सोडताच छप्परही जाणार असेल आणि त्याच वेळी दोन महिन्यांची मजुरी अडकलेली असेल, तर या खुणा एकमेकींना बळ देतात. परप्रांतातून आलेल्या, मराठी न येणाऱ्या तरुणाची ओळखपाळख फक्त मुकादमाशी असेल, तर त्याला बाहेरचा रस्ता विचारायलाही कुणी उरत नाही.

या बाबतीत सोलापूरच्या स्थानिक कामगारांना एक बळ आहे, त्याची नोंद करायलाच हवी. अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारी गावाजवळ विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली. तिथंच पुढे रे नगर उभं राहिलं. तिथल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे लोक तिथं राहायला आले. या घरांमागं कामगार संघटनेचा आणि तिचे नेते नरसय्या आडम यांचा अनेक वर्षांचा लढा आहे. स्वतःच्या नावावर घर असलेली बाई मजुरीसाठी भांडू शकते, कारण भांडण झालं तरी रात्री पाठ टेकायला जागा असते.

आणि मालकाची बाजू? तीही विचारात घ्यावी लागते. बाहेरून सूत घेऊन मजुरीवर माग चालवणाऱ्या छोट्या कारखानदाराला दर ठरवायचा अधिकार नसतो. परदेशी खरेदीदार निर्यातदाराला दाबतो, निर्यातदार कारखानदाराला, कारखानदार मुकादमाला. शेवटच्या पायरीवरच्या माणसाकडे दाबायला कुणी उरत नाही. म्हणूनच शोषणाचा अभ्यास फक्त फाटकाच्या आत थांबला, तर तो अपुरा राहतो.

लपलेली माणसं मोजायची कशी?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदले गेले. तेलंगण पहिलं, ३९१ गुन्हे. महाराष्ट्र दुसरा, २९५. मग महाराष्ट्रात तस्करी फार आणि इतरत्र कमी, असा अर्थ काढायचा का? मुळीच नाही. हा आकडा पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांचा आहे. जिथं ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’ नेटानं काम करतो, तिथं आकडा वाढतो. जिथं तक्रारच घेतली जात नाही, तिथं शून्य दिसतो. दुसरी मेख मोजण्याच्या नियमात आहे. एकाच फिर्यादीत अनेक कलमं असतील, तर नोंद सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली होते. कोंडून राबवलेल्या मजुराचा खून झाला, तर प्रकरण खुनाच्या रकान्यात जातं आणि तस्करीच्या आकड्यातून नाहीसं होतं. तिसरी गळती त्याहून मोठी आहे. मजूर तक्रार घेऊन येतो तेव्हा तिला ‘पैशांचा वाद’ ठरवलं जातं, देवघेव मिटवली जाते आणि कागदावर काहीच उरत नाही.

व्याख्या आणि पद्धत बदलली की आकडा किती हलतो, याचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. १९७८ च्या सुमारास गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्थेनं केलेल्या पाहणीत दहा राज्यांत २६ लाखांवर वेठबिगार असल्याचा अंदाज निघाला. जवळपास त्याच काळात सरकारच्या नमुना पाहणीनं सोळा राज्यांत सुमारे साडेतीन लाख सांगितले. राज्यं जास्त आणि माणसं कमी! पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारनं १ कोटी ८४ लाख वेठबिगारांना २०३० पर्यंत मुक्त करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. प्रत्यक्षात १९७८ पासून आजवर मुक्त झालेल्यांची सरकारी नोंद तीन लाखांच्या आसपास रेंगाळते आहे. जगाचा अंदाज आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या भागीदारांनी २०२२ मध्ये मांडला. त्यानुसार २०२१ मध्ये कुठल्याही एका दिवशी २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या श्रमात होती.

जे दिसत नाही, त्याचा अंदाज बांधतात तरी कसा? सिद्धेश्वर तलावात मासे किती आहेत, हे पाणी न उपसता शोधायचं आहे, असं समजा. आज शंभर मासे पकडा, त्यांना खूण करा, सोडून द्या. काही दिवसांनी पुन्हा शंभर पकडा. त्यांतले दहा खूण केलेले निघाले, म्हणजे तुमचे शंभर मासे हे तलावातल्या एकूण माशांच्या सुमारे एक दशांश आहेत. एकूण मासे हजाराच्या घरात. पन्नास खुणेचे निघाले असते, तर एकूण दोनशेच. माणसांच्या बाबतीत जाळ्याच्या जागी याद्या असतात : पोलिसांची, स्वयंसेवी संस्थांची, सरकारी खात्यांची. दोन-तीन याद्यांत तीच ती नावं येत असतील, तर लपलेले थोडे. प्रत्येक यादीत नवीच माणसं दिसत असतील, तर बाहेर राहिलेल्यांचा आकडा मोठा. ब्रिटनमध्ये २०१३ साली अधिकृत नोंदीत २,७४४ संभाव्य पीडित होते. याच रीतीनं २०१४ मध्ये जाहीर झालेला अंदाज होता १०,००० ते १३,०००. आपल्याकडे ही रीत वापरायला अडचण आहे ती याद्यांचीच. कामगार खात्याकडे एक यादी, पोलिसांकडे दुसरी, संस्थेच्या वहीत तिसरी असते आणि नावं पडताळायला ती एकत्र येतच नाहीत.

उपग्रहाची मदतही घेतली जाते. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासगटानं २०१८ मध्ये दक्षिण आशियातल्या वीटभट्ट्यांच्या पट्ट्यात ५५,३८७ भट्ट्या असल्याचा अंदाज आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून बांधला. पण पत्र्याच्या शेडखालचा माग आकाशातून दिसत नाही. तिथं माणसांशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही.

काय विचारायचं, कुठं विचारायचं

‘तुम्ही वेठबिगार आहात का?’ हा प्रश्न वाया जातो. उत्तर ‘नाही’ असंच येतं, आणि त्या माणसाला अपमानही वाटतो. मुरलेला पाहणी करणारा साधे, हिशेबाचे प्रश्न विचारतो आणि उत्तरं जुळवून पाहतो. जागाही महत्त्वाची असते. फाटकाजवळ, मुकादमाच्या नजरेसमोर कुणी बोलत नाही. म्हणून अभ्यासक मजुरांच्या मूळ गावी जातात, हंगाम संपल्यावर किंवा सणाला माणसं घरी आली असताना. ओट्यावर बसून बायकांशी बोललं, तर उचलीचा खरा आकडा कळतो, कारण घर त्यांनी चालवलेलं असतं.

> चौकट : हे प्रश्न विचारून पाहा
>
> - कामावर येण्याआधी किती उचल घेतली? आज किती बाकी आहे?
> - हिशेबाची वही कुणाकडे असते? शेवटचा हिशेब केव्हा दाखवला?
> - मजुरी कुणाच्या हातात किंवा कुणाच्या खात्यात येते?
> - आधार कार्ड, एटीएम कार्ड, मोबाइल कुणाकडे आहे?
> - शेजारी जास्त दर मिळाला, तर उद्या जाता येईल का?
> - आजारी पडलं तर किती कापतात?
> - न सांगता गेलात, तर गावी कुणाला त्रास होईल?
>
> ‘उद्या जाता येईल का?’ याचं उत्तर ‘नाही’ आलं आणि कारण उचल असेल, तर १९७६ चा कायदा लागू होऊ शकतो.

अलीकडे भरतीच्या वाटा बदलल्या आहेत. पूर्वी मुकादम घरी येई; आता व्हॉट्सअपवर जाहिरात येते आणि उचल थेट मोबाइलवर जमा होते. शिकलेली मुलंही यातून सुटलेली नाहीत. संगणकाच्या नोकरीच्या आमिषानं भारतातले अनेक तरुण म्यानमार आणि कंबोडियात नेले गेले आणि कुंपणाआड ठेवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली गेली. मोबाइलवरच्या व्यवहारांमुळे एक गोष्ट मात्र बरी झाली : पैशांचा माग राहतो. उचलीचा संदेश, खात्यातली नोंद, मुकादमाचा आवाज असलेला संदेश यांचा पुरावा म्हणून उपयोग होऊ शकतो. कामगारानं तो पुसू नये, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

सुटकेनंतर

सुटका झालेल्या मजुराला मुक्तता प्रमाणपत्र मिळणं सर्वांत महत्त्वाचं, कारण कर्ज रद्द झाल्याचा तोच कागद आणि मदतीची किल्लीही तोच. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे पुनर्वसनासाठी एक ते तीन लाख रुपये आहेत. पण अंतिम रक्कम न्यायालयीन प्रक्रियेशी जोडलेली आहे आणि खटले वर्षानुवर्षं चालतात. या काळात घर चालवायला पैसे लागतात, आणि ते द्यायला गावात पुन्हा मुकादम हजर असतो. सुटलेली माणसं पुन्हा उचल का घेतात, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधू नये, मदतीच्या तारखांत शोधावं.

कुणी अडकलंय असं दिसलं, तर ११२ वर पोलिसांना, मूल असेल तर १०९८ वर, आणि मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० वर फोन करता येतो. लेखी तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करावी; वेठबिगारी शोधून काढणं आणि मोडणं ही कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांचीच जबाबदारी आहे. त्यासाठी जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असलीच पाहिजे, असं १९७६ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं. आपल्या जिल्ह्यातली ही समिती शेवटची कधी भरली, तिच्यापुढे किती प्रकरणं आली आणि किती मुक्तता प्रमाणपत्रं दिली गेली, हे विचारायला वकील लागत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो. वाचकांनी तो लावावा आणि उत्तर आलं की स्थानिक वर्तमानपत्राकडे पाठवावं.